बोरॉनचा चौथा शेजारी

सोनाराकडचा टाकणखार म्हणजे बोरेट, बोरॉनचं खनिज. बोरेटांत बोरॉनच्या अणूभोवती तीन ऑक्सिजन असतात, नाहीतर चार. कोलमनाईट हे बोरेट दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून आवळलं, की वातावरणाच्या सुमारे 1 लाख 40 हजार पट दाबाला त्याची रचना पालटते. तीन शेजाऱ्यांचे काही बोरॉन चौथा ऑक्सिजन जवळ ओढतात. दाब वाढला की दाटी वाढणारच!

हाच न्याय आपल्या नागपूरशेजारी, भंडारा जिल्ह्यात दिसतो. तिथल्या कायनाईट आणि सिलिमनाईटचं रासायनिक सूत्र एकच. पण जास्त दाब सोसणाऱ्या कायनाईटची घनता पाण्याच्या सुमारे 3.6 पट, सिलिमनाईटची 3.2 पट. कायनाईटचा निळसर तुकडा मिळाला तर चाकूनं ओरखडून पाहा: लांबीच्या दिशेनं रेघ उमटते, आडवी उमटत नाही.