दाराच्या कडीला आपलं नाव

(कुरकुंभ येथे घरपोच सेवेची कामं करणाऱ्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे मोबाइलवरच्या जाहिरातींबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मी पुठ्ठ्याच्या एका कार्डाबद्दल बोलणार आहे. त्याला डोअर हँगर म्हणतात. हॉटेलच्या खोलीबाहेर ‘त्रास देऊ नका’ अशी पाटी अडकवलेली असते, तशीच ही. फरक इतकाच की यावर आपल्या कामाची माहिती असते आणि ती गिऱ्हाइकाच्या दाराला अडकवायची असते. माझा मावसभाऊ आरओ दुरुस्तीचं आणि पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम करतो. त्याच्यासाठी कार्ड करताना आम्ही जो विचार केला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

कुरकुंभला एमआयडीसी आहे, म्हणजे पाळ्या आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी अकराला गाढ झोपेत असतो. तेव्हा बेल वाजवली तर तो पहिल्याच भेटीत वैतागणार. कार्ड मात्र तो उठेपर्यंत थांबतं. वर्तमानपत्रात घातलेलं पत्रक फक्त पेपर घेणाऱ्या घरात पोचतं, आणि भाड्याच्या खोल्यांत पेपर घेणारे थोडेच. परप्रांतातून आलेले कामगारही इथे आहेत, म्हणून एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी छापा. टाकी कधी धुवायची हे मात्र घरमालक ठरवतो. त्याचं दार चुकवू नका.

परदेशातल्या नमुन्यात कार्डाला मोठं गोल भोक असतं, कारण तिकडे दाराला गोल मूठ असते. आपल्याकडे कडी-कोयंडा किंवा लोखंडी जाळीचं दार. त्यामुळे भोकासाठी वेगळी डाय करण्यावर खर्च करू नका. जाड कार्ड घ्या, वर पंचने एक छिद्र पाडा आणि दोऱ्याचा फास ओवा. तो कडीलाही बसतो आणि जाळीलाही. प्लॅस्टिकचं आवरण नको.

मजकूर थोडा ठेवा. काम कोणतं, टाकीच्या लिटरप्रमाणे दर किती, कोणत्या वेळेत येणार आणि मोठ्या आकड्यांत फोन नंबर. नुसता क्यूआर कोड देऊ नका. घरातल्या आजीला फोन लावता येतो, कोड स्कॅन करता येईलच असं नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती करून घ्या आणि तो क्रमांकही छापा.

लावण्याचे काही नियम पाळा. आवारात जाण्याआधी मालकाला किंवा वॉचमनला विचारा. विजेच्या खांबावर, सार्वजनिक भिंतीवर परवानगीशिवाय काही चिकटवू नका. 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारा. ज्या दारावर कार्ड तसंच लटकतंय, तिथून काढून आणा. घर बंद आहे हे चोराला आपल्या कार्डावरून कळता कामा नये.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक गल्लीच्या कार्डावर कोपऱ्यात एक अक्षर लिहा: क, ख, ग. फोन आला की ते अक्षर विचारा आणि वहीत नोंदवा. समजा 200 कार्डांवर चार फोन आले आणि दोन कामं मिळाली. छपाईचा आणि फिरण्याचा सगळा खर्च दोनने भागा. एका कामातून हातात उरणारी रक्कम त्याहून जास्त असेल तर त्याच गल्लीत दोन महिन्यांनी पुन्हा जा. टाकी एकदा धुऊन भागत नाही.

आता नावाचा प्रश्न. भावाला मित्रांनी सुचवलं, ‘आपलं नाव कशाला टाकतोस? कुठलंतरी चालणारं नाव घे, खाली फक्त नंबर दे.’ ही भीती खोटी नाही. आपलं नाव वाचून काही घरं फोन करणार नाहीत आणि त्यात पैशाचं नुकसान आहे. तरीही पूर्ण नाव आणि फोटो टाका, असं मी त्याला सांगितलं. कारण आपलं काम लोकांच्या स्वयंपाकघरात आणि गच्चीवर आहे. घरात एकटी असलेली बाई दार उघडते, तेव्हा कोण येणार आहे हे तिला आधी कळायला हवं. शिवाय यूपीआयने पैसे देताना तिला खात्यावरचं नाव दिसतंच. कार्डावर एक आणि मोबाइलवर दुसरं दिसलं, तर काम चांगलं होऊनही मनात शंका राहते.

जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकाचं नाव लावायला सांगण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. मग मीही नाव लावायलाच सांगतोय, यात फरक काय? तिथे माणूस वेगळा काढण्यासाठी नाव मागितलं जात होतं. इथे आपण आपल्या कामाची जबाबदारी घेताना ते स्वतःहून देतो. सक्तीला विरोध करायचा आणि आपलं नाव अभिमानाने छापायचं, ही दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो.

सुरुवात 50 कार्डांनी करा. एक गल्ली, एक अक्षर, एक वही. महिन्याने वह्या घेऊन पुन्हा भेटू आणि कुणाला कुठून फोन आले ते एकत्र पाहू.