जुना फौजी ट्रक आणि त्याचे ब्रेक

अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेला ‘एम-३५ ए-२’ हा अडीच टनी ट्रक तिकडे लिलावातून हौशी मंडळींच्या दारात येतो. त्याचं सहा सिलिंडरचं मल्टिफ्युएल इंजिन डिझेलवर चालतंच. रॉकेल, विमानाचं इंधन, अडीअडचणीला पेट्रोलही चालवून घेतं. नवा मालक या कौतुकातच रमतो. माझ्या मते आधी खाली वाकून ब्रेक बघावेत. हवेच्या दाबाने ऑइलला जोर मिळतो खरा, पण मास्टर सिलिंडर एक आणि सर्किटही एकच. एक रबरी होज फुटला की सगळे ब्रेक गेले! होजवर बारीक तडे किंवा व्हील सिलिंडरपाशी ओल दिसली, तर तो भाग बदलायचाच. ब्रेक ऑइल बहुधा सिलिकॉनचं, जांभळं असतं. त्यात नेहमीचं मिसळू नये. चाकाला टायर जागी धरून ठेवणारी लॉक रिंग असते. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यातच हवं. रिंग उडाली तर माणूस जिवानिशी जातो. वायरिंग २४ व्होल्टचं, १२च्या दोन बॅटऱ्या जोडून केलेलं. दोन्ही एकदमच बदला. एकच बदलली तर जुनी नवीलाही लवकर बसवते.