स्वयंपाकघरातील गॅसची नळी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वाढदिवसाच्या दिवशी गॅसच्या नळीवर काय बोलायचे, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. पण जरा विचार करा. गॅसची जोडणी घेताना कागदावर सही बहुधा घरातल्या पुरुषांची असते. कारागीर येतो, तो बोलतो त्यांच्याशीच. आपण तेवढ्या वेळात त्याच्यासाठी चहा ठेवतो. पुढे वर्षानुवर्षे दिवसातून दहा वेळा ते बटण फिरवतो मात्र आपण. जिचा हात शेगडीवर, तिलाच नळीची माहिती नाही, हे काही बरे नव्हे. आजच्या बोलण्याचा हेतू एवढाच, की ही माहिती तिच्यापाशी यावी आणि त्याबरोबर कारागिराला विचारण्याचा अधिकारही यावा.

नळाने गॅस येणे ही आपल्या मुलखात अगदी नवी गोष्ट नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला असे. आज घरात येतो तो नैसर्गिक गॅस. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय येथे तेल सापडले. तेथला गॅस समुद्राखालच्या नळातून उरणला येतो. मुंबईत घरोघर गॅस पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ साली निघाली, पुण्याकडची महाराष्ट्र नॅचरल गॅस २००६ साली. आपल्या वस्तीत काही घरी हा नळाचा गॅस आहे, तर काही घरी अजून सिलिंडर आहे. दोन्ही गॅसच, पण त्यांचे स्वभाव दोन सख्ख्या जावांसारखे वेगळे.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि कोपऱ्यात साचून राहतो. नळाचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, म्हणून वर छताकडे जातो. यावरून एक साधी गोष्ट ध्यानात येईल. सिलिंडरच्या घरात हवेला खालून वाट हवी, नळाच्या गॅसच्या घरात वरची खिडकी किंवा झरोका उघडा हवा. थंडी वाजते, धूळ येते, म्हणून झरोक्याला काच ठोकून टाकली तर गॅसची बाहेर जाण्याची वाट आपणच बंद केली असे होते.

घरात येणाऱ्या नळाच्या गॅसचा दाब फार थोडा, सुमारे २१ मिलिबार असतो. वीतभर उंच पाण्याच्या दाबाएवढाच म्हणा. त्यामुळे बारीक गळतीचा आवाज होईलच असे नाही. कळते ते वासाने. आणि हा वास गॅसचा स्वतःचा नसतो, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. नैसर्गिक गॅसला वासच नाही. मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात.

ही पद्धत कायद्याने का आली, ती हकीकत आपल्यासारख्या बायकांनी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी मोठी शाळा होती. खर्च वाचावा म्हणून शाळेच्या चालकांनी विकतचा गॅस बंद केला आणि तेलविहिरींकडून येणाऱ्या फुकट गॅसच्या नळाला जोड घेतला. त्या भागात तशी सर्रास वहिवाट होती. गॅस गळून इमारतीखाली साचत राहिला. वास नसल्यामुळे कुणाला कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी शाळेच्या कारखान्यात एक विजेचे यंत्र सुरू केले गेले, ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. त्याच वेळी जवळच्या व्यायामशाळेत पालकांची सभा चालू होती, म्हणजे कित्येक आया हाकेच्या अंतरावर होत्या. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास देण्याचा कायदा केला. आपल्या स्वयंपाकघरात येणाऱ्या त्या घाणेरड्या वासामागे एवढी मोठी किंमत आहे. तो वास आला की नाक मुरडून उदबत्ती लावू नये.

मग करावे काय? क्रम पाठच करून ठेवा. आधी शेगडीची सगळी बटणे बंद. मग नळाचा गॅस असेल तर शेगडीजवळची आणि मीटरजवळची चावी बंद; सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढावा आणि तोंडावर टोपी बसवावी. देवघरातील निरांजन पेटलेले असेल तर तेही विझवावे. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. वास घालवायला पंखा लावणे ही तर सर्वांत मोठी चूक. मुलाबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर पडावे आणि टेलिफोन करावा तो बाहेर गेल्यावरच. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे; नळाच्या गॅससाठी कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावा.

येथे एक सावधगिरी. नाक हा पहारेकरी खरा, पण तो थकतो. बराच वेळ त्याच वासात राहिले की वास जाणवेनासा होतो. वय झालेल्यांना वास कमी येतो. २०२० पासूनच्या करोनाच्या साथीत तर कित्येकांचा वास गेला, आणि काहींचा नीट परत आलाच नाही. घरात अशी व्यक्ती एकटी राहत असेल, तर शेजारणीने येता-जाता चौकशी करावी. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

आता नळीच्या कामाकडे वळू. गॅसची नळजोडणी आणि पाण्याची नळजोडणी बाहेरून सारखीच दिसते, म्हणून नेहमीच्या नळवाल्याला बोलावण्याचा मोह होतो. पाण्याचा नळ गळला तर फरशी ओली होते आणि चूक दिसते. गॅसची चूक दिसत नाही. म्हणून हे काम कंपनीने नेमलेल्या, ओळखपत्र असलेल्या माणसानेच करावे. ओळखपत्र मागण्यात संकोच कसला? काम झाल्यावर दोन गोष्टी मागून घ्याव्यात. नव्या नळीत गॅस सोडण्यापूर्वी हवा भरून दाबाचा काटा पाहतात. काटा उतरला तर कोठेतरी गळती आहे. ती तपासणी आपल्यासमोर व्हावी. आणि गॅस सुरू झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून दाखवावे. बुडबुडे आले नाहीत तर सांधा पक्का. कुणी काडी पेटवून गळती शोधू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. सिलिंडर सोडून नळाचा गॅस घेताना शेगडीतील जेटही बदलावे लागतात, तेही त्या माणसाकडूनच करून घ्यावे.

पण मला खरी काळजी वाटते ती स्वयंपाकघर नवे करण्याच्या हौसेची. हौस करू नये असे मी म्हणत नाही. नवा ओटा, नवी कपाटे कोणाला नकोत? परंतु सुतार-मेस्त्री म्हणतात, “वहिनी, हा पाइप फार वाईट दिसतो, भिंतीत घेऊन टाकू.” आपण हो म्हणतो. भिंतीत गाडलेली नळी गंजली तरी दिसत नाही, बंद कपाटातल्या मीटरजवळ गळलेला गॅस तेथेच कोंडतो आणि वेळ आली की चावी डब्यांच्या मागे सापडत नाही. नळी उघडी, भिंतीला पकडींनी घट्ट बसवलेली आणि चावी हाताशी असलीच पाहिजे. ती हलवायची असेल तर कंपनीला अर्ज करावा. चार दिवस उशीर झाला तरी चालेल. त्या नळीवर ओली फडकी वाळत घालू नयेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लोखंड आधीच गंजते. पावसाळा संपल्यावर पकडींखाली आणि भिंतीतून नळी येते तेथे नजर टाकावी, गंज दिसला तर कळवावे.

शेगडीला जोडणारी रबरी नळी आयएसआय छापाची असावी. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते, आणि नळीवरच वर्ष छापलेले असते. तिच्यावर कापडी अभ्रा घालू नये, नाहीतर चीर किंवा उंदराचे दात दिसणार नाहीत. सिलिंडर घेताना त्याच्या कड्याच्या पट्टीवरचे अक्षर वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी म्हणजे पुढच्या तिमाह्या, आणि शेजारचा आकडा वर्षाचा. ती सिलिंडरच्या फेरतपासणीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

शेवटची गोष्ट न्हाणीघरातील गॅसच्या गिझरची. येथे गळती नसतानाही माणूस दगावतो. बंद जागेत गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते आणि कडी उघडण्याचे भान राहत नाही. म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असावा आणि त्याचा धूर नळकांड्याने घराबाहेर जावा. शेगडीची ज्योतही निळी असावी. ती पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर भांड्याला दोष न देता शेगडी तपासून घ्यावी.

भगिनींनो, यांतले काहीही कठीण नाही. ज्या आपण पापडाचे पीठ हाताने पारखतो, दूध उतू जाण्याआधी ओळखतो, त्या आपल्याला एक चावी आणि एक सांधा ओळखता येऊ नये काय? तेव्हा विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर चावी कोठे आहे ते पाहा, ती फिरते का ते पाहा. मग सासूबाईंना, मुलाला, मुलीला आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही ती दाखवा. कित्येक घरांत शेगडीपाशी सर्वांत अधिक वेळ त्याच असतात. आणि दर वर्धापनदिनाच्या आठवड्यात आपण दोघी-दोघींनी एकमेकींचे स्वयंपाकघर पाहावे: नळीचे वर्ष, झरोका, चावी. हळदीकुंकवाला जातोच की आपण, त्यात ही पाच मिनिटे जास्त.