चावी काढल्यानंतरचे आवाज



कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला चहासाठी थांबते. चावी काढली, इंजिन बंद झालं, तरी बॉनेटखालून घरघर, टिकटिक, मध्येच एखादा बारीक सूर येत राहतो. टर्बोची गाडी नव्यानं घेतलेली माणसं हे ऐकून धास्तावतात. त्यांना मला धीर द्यायचा आहे, कारण बहुतेकदा ही गाडी स्वतःला जपत असल्याची खूण असते.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन चक्रं. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एका चक्राला फिरवतो, आणि दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येतं, म्हणून लहानसं इंजिन घाट सहज चढतं. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरनं या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं.

गाडी जोरात असताना हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. पेट्रोल गाडीत धुराचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातं, डिझेलमध्ये त्याहून काहीसं कमी. एवढ्या वेगात नि एवढ्या आचेत दांडा टिकतो तो ऑइलच्या पातळ थरावर. दांडा आणि त्याला धरणारा बुश, म्हणजे बेअरिंग, एकमेकांना लागू नयेत हे ऑइलच पाहतं, आणि तिथली उष्णताही तेच वाहून नेतं.

चावी काढली की इंजिनावर चालणारा ऑइल पंप तिथल्या तिथे थांबतो. दांडा मात्र काही सेकंद फिरत राहतो. उतरत उतरत विरणारी बारीक शिट्टी ऐकू आली, तर ती त्याची. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. धुराच्या बाजूचं बिडाचं कवच रसरशीत तापलेलं असतं आणि त्याची उष्णता दांड्यावरून बुशकडे सरकते. त्यामुळे इंजिन बंद केल्यावर काही वेळ बेअरिंगपाशी तापमान उतरण्याऐवजी चढतं. तिथे थबकलेलं ऑइल जळतं आणि तव्याच्या कडेला साचतो तसा काळा, कडक थर धरतं. असं वारंवार झालं की ऑइलच्या वाटा बुजतात, दांड्यात प्ले येतो, आणि एक दिवस मेकॅनिक सांगतो, "टर्बो गेला."

म्हणून आज बऱ्याच गाड्यांत बेअरिंगभोवती कूलंट खेळवलेलं असतं आणि ते फिरवायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप असतो. इंजिन बंद झाल्यावरची मंद गुणगुण त्या पंपाची आणि मोठी घरघर रेडिएटरच्या पंख्याची. टिकटिक होते ती निवताना आकसणाऱ्या पत्र्याची नि पाइपांची. काही डिझेल गाड्यांत टर्बोच्या हलत्या पात्यांना मोटर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेते, तेव्हा क्षणभर कर्रकन आवाज येतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत अशा आवाजांचं आणखी एक कारण वाढलं. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी ही गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते. नेमकी त्याच वेळी गाडी बंद केली, तर पंखा जोरात फिरत राहतो आणि जळका वासही येतो. क्वचित झालं तर बिघडत नाही. रोज होऊ लागलं, तर गाडीला अधूनमधून हायवेवर सलग धावू द्या.

आपण काय करायचं? घाट किंवा लांबचा वेगवान पल्ला संपल्यावर गाडी अर्धा ते एक मिनिट स्लोवर ठेवायची. गावात हळू चालवत घरी आलात, तर तेवढंही नको. उगाच डिझेल जाळण्यात अर्थ नाही. पण बंद करण्याआधी जोरात रेस द्यायची आपल्याकडची जुनी खोड मात्र मला कळकळीनं सोडवायची आहे. त्यानं टर्बो वेगात येतो आणि त्याच क्षणी त्याचं ऑइल तुटतं. दांड्यावर याहून मोठा अन्याय नाही.

आणि गॅरेज कधी गाठायचं? चढावर सायरनसारखी शिट्टी वाजू लागली, धातू घासल्याचा आवाज आला, निळसर धूर दिसला, ऑइलची पातळी भराभर उतरली, किंवा थोडंसंच चालवूनही पंखा दर वेळी खूप वेळ फिरू लागला, तर चालढकल नको. बॉनेट उघडलंत तर हात आणि ओढणी-उपरण्याची टोकं पंख्यापासून दूर ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. चावी खिशात असली तरी तो पंखा अचानक सुरू होऊ शकतो.