किनाऱ्यावरच्या खुणा

केरळातील विळिंजमचा माझा बालमित्र आता सत्तरीपलीकडे गेला आहे. एका पहाटे त्याने मला आपल्या कट्टुमरमवर समुद्रात नेले. हलक्या लाकडाचे ओंडके दोराने आवळून केलेला हा तराफा. लाटेचे पाणी फटींतून वर येते आणि तसेच ओसरून जाते.

किनारा दूर गेल्यावर त्याने वल्हे थांबविले व मागे पाहिले. "दीपगृह टेकडीच्या रेषेत आले. चर्चचा मनोरा माडांआड गेला. या दोन रेषा जेथे छेदतात, तेथे खाली खडक आहे."

आम्ही गळ सोडले. दुपारपर्यंत पाच हेकरू मिळाले. मी आनंदलो, तो मात्र गप्प होता. मग म्हणाला, "२०१७ च्या ओखी वादळात माझे दोन सोबती गेले. त्यांनाच ठाऊक असलेले खडकही त्यांच्याबरोबर गेले."

ही विद्या कोणत्याही नकाशावर नव्हती. ती बापाकडून मुलाकडे तोंडी येई. मित्राची मुले आज दुसऱ्या व्यवसायांत आहेत. त्या संध्याकाळी वाळूत बसून त्याने एकेक खूण सांगितली आणि मी ती वहीत उतरवून घेतली. त्या दिवसाची माझी खरी मिळकत तीच.