‘ऑल्दो’चा जोडीदार



वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर या तालुक्याच्या गावी मी काही वर्षे मुलांची इंग्रजीची शिकवणी घेत असे. भोवताली कापसाची, तुरीची आणि सोयाबीनची शेते. मुले बहुतेक शेतकऱ्यांची. त्यांतील एकास बाहेरगावच्या एका संस्थेकडून प्रवेशाचे पत्र आले. अमुक तारखेपर्यंत फी न भरल्यास प्रवेश रद्द होईल, एवढाच त्याचा मजकूर. मुलाने त्यातून ‘फी’ आणि ‘कॅन्सल्ड’ हे ओळखीचे शब्द तेवढे वेचले, प्रवेश रद्द झाला असे समजला आणि कोणास न सांगता पत्र खिशात घालून फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मुदत उलटून एक दिवस झाला होता. ‘अनलेस’ या एका शब्दापायी त्याचे वर्ष गेले. दोष त्याचा म्हणवत नाही. आम्ही शिक्षक शब्दार्थ घोकून घेतो, वाक्यांचे सांधे शिकवीत नाही.

गंमत अशी की, याच मुलास युरोपातील फुटबॉल क्लबांची इंग्रजी वृत्ते वाचण्याचा विलक्षण नाद होता. तेव्हा त्याच वृत्तांचे पाठ्यपुस्तक करावे असे मी ठरविले. मात्र सामन्यांचे वर्णन वगळून. कोणी चेंडू मारला, कितव्या मिनिटास गोल झाला, हे क्रियापदांवर भागते. क्लबच्या कारभाराची बातमी तशी नव्हे. मालकाने प्रशिक्षकास का काढले, कोणत्या अटीवर ठेवले, यश मिळूनही संघ का मोडला, हा सारा व्यवहार उभयान्वयी अव्ययांवर चालतो. (इंग्लंडात संघाच्या मुख्य प्रशिक्षकास ‘मॅनेजर’ म्हणतात. आमच्या मुलांच्या ओळखीचा मॅनेजर बँकेतला, पीककर्ज देणारा किंवा नाकारणारा. पहिला आठवडा हा घोळ निस्तरण्यातच गेला.)

आरंभ केला तो लेस्टर सिटीपासून. क्लॉडिओ रानिएरी यांनी २०१६ साली या क्लबास इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच क्लबाने त्यांना काढून टाकले. ही दोन विधाने ‘ऑल्दो’ने जोडा, असे मी सांगितले. वर्गातील जवळजवळ प्रत्येक मुलाने आरंभी ‘ऑल्दो’ लिहिला आणि मध्यावर ‘बट’ घातला. कारण उघड आहे. मराठीत जरी-तरी, जर-तर, ज्याअर्थी-त्याअर्थी ही मंडळी जोडप्याने येतात. एकास बोलावले की दुसऱ्यास पाट मांडावाच लागतो. इंग्रजीत ‘ऑल्दो’ एकटाच पंक्तीस बसतो. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून शाळाशाळांतून अव्ययांचे प्रकार पाठ होत आले आहेत. परंतु मराठीचे जोडपे इंग्रजीत गेले की त्याची ताटातूट होते, हे मुलास कोणी सांगत नाही.

‘डिस्पाइट’साठी मुंबईचे उदाहरण घेतले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० साली तो संघच बंद झाला. ‘डिस्पाइट’ला पुढे पुरे वाक्य चालत नाही, नाम लागते. आपण ‘जिंकूनही’ म्हणून एका प्रत्ययात मोकळे होतो. इंग्रजीत त्यासाठी वाक्याची मोडतोड करावी लागते.

अधिक चर्चा झाली ती ‘सिन्स’वर. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबात ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढे २०२०-२१ च्या हंगामात या क्लबाने इंडियन सुपर लीग प्रथमच जिंकली. नवे मालक आल्या‘पासून’ जिंकले, की आल्या‘मुळे’ जिंकले? ‘सिन्स’ या दोन्ही अर्थांचा वाहक आहे, आणि वृत्तलेखक कधी कधी त्याचा लबाडीने उपयोग करतात, असे माझे मत आहे. त्याच हंगामात सर्जिओ लोबेरा हे नवे प्रशिक्षक आले होते, एफ.सी. गोवा संघात त्यांच्या हाताखाली खेळलेले काही खेळाडूही आले होते. मग श्रेय कोणाचे? मुलांत चांगलाच वाद जुंपला. एक मुलगी म्हणाली, “सर, पैसा मालकाचा, बुद्धी प्रशिक्षकाची, आन् पाय खेळणाऱ्याचे!” मी तिला तेच वाक्य ‘व्हाइल’ घालून इंग्रजीत लिहावयास लावले. तीन प्रयत्नांनी साधले.

‘अनलेस’ मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्याच्या पोटातच नकार असतो. त्यापुढे पुन्हा ‘नॉट’ घातला की अर्थ उलटा होतो. संघ पुढील सामना जिंकला नाही तर मॅनेजर जाईल, अशा बातम्या दर हंगामात येतात. त्या आम्ही पुष्कळ वाचल्या. तो मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही, वहीत लिहीत राहिला.

पुढील वर्षी त्याने पुन्हा अर्ज केला. पत्र आले तसे मला दाखवावयास घेऊन आला. ‘अनलेस’खाली पेन्सिलीची रेघ ओढलेली होती, आणि फी भरल्याची पावती टाचणीने पत्रास लावलेली होती.