रुग्णवाहिकेवर काम करायचंय? आधी कागद बघूया

 आमचे बचत गट बोईसरच्या आसपासचे.

मागच्या बैठकीत एका ताईंनी तीस हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी बारावी विज्ञान झालेली, तिला रुग्णवाहिकेवर काम करायचं शिक्षण घ्यायचंय. कुणाचीच ना नव्हती. पण आम्ही विचारलं, प्रमाणपत्र कुणाचं मिळणार? ताईंना सांगता येईना, मुलीलाही नाही.

हा प्रश्न आम्ही उगाच विचारला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गटातून एका मुलीच्या फीसाठी कर्ज गेलं होतं. सहा महिन्यांचा 'पॅरामेडिकल' कोर्स, सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, आणि रुग्णालयात नोकरी मागायला गेली तेव्हा उत्तर मिळालं, हे इथे चालत नाही. हप्ते तिची आई भाजी विकून फेडते आहे, अजून पाच बाकी आहेत. कर्ज मंजूर करताना सह्या आमच्याच होत्या. म्हणून या वेळी पंधरा दिवस मागून घेतले आणि चौकशी केली. ती तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट १०८ ची. मुलींना वाटतं, कोर्स केला की १०८ वर नोकरी. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन. त्यातल्या २३३ मोठ्या सोयीच्या आणि ७०४ साध्या. पण बाकीच्या बऱ्याच राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो, तिथे महाराष्ट्राने डॉक्टर बसवला. त्यामुळे इथल्या १०८ च्या भरवशावर फी भरू नका. काम मिळतं ते खाजगी रुग्णालयांच्या गाड्यांवर, अपघात विभागात आणि कारखान्यांत.

कारखान्यांचं जरा नीट सांगतो, कारण ते आपल्या दारातलं आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे किती कारखाने आहेत ते आपल्या नाकाला ठाऊक आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले, तो आवाज कोण विसरेल? १९४८ च्या कारखाने कायद्यात असं लिहिलेलं होतं की दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. पाचशेच्या वर कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष हवा. आमच्यातल्या कितीतरी जणी पॅकिंगला जातात. 'पेटी कुणाकडे असते?' असं विचारल्यावर एकमेकींकडे बघत राहिल्या. आम्हालाही आधी माहीत नव्हतं म्हणा.

तर पहिली पायरी स्वस्त आहे, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही जुनी संस्था ते देते. छाती दाबण्याचं शिक्षण त्यातच येतं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. करून बघा, दोन मिनिटांत दम लागतो. हे काम आपल्याला झेपेल का, ते मुलीला इथेच कळतं.

दुसरी पायरी म्हणजे 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, बेसिक'. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेला अभ्यासक्रम बघा. साधारण बारावी विज्ञानवाल्यांसाठी तो आहे. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, रक्तस्राव थांबवणं, मोडलेल्या हाडाला आधार देणं, मणक्याला धक्का न लावता उचलणं, वाटेतच बाळंतपण झालं तर काय करायचं. शेवटचं आपल्या जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर किती कामाचं, ते सांगायला नको. वर्गाबरोबर रुग्णालयात प्रत्यक्ष काम असतंच. ते नसेल तर तो कोर्स नव्हे. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो. अनुभव घेतल्यावर पुढचा 'ॲडव्हान्स्ड' टप्पा.

तिसरी वाट लांबची, पदविका किंवा पदवीची. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. त्याच्या यादीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आहे. अशा पदविकेला वा पदवीला किमान २,००० तास आणि दोन ते चार वर्षं धरली आहेत, आणि पुढे राज्याच्या नोंदवहीत नाव लागायचं आहे. घरची ऐपत असेल आणि मुलीला जिद्द असेल, तर आम्ही हीच वाट सांगू. सहा महिन्यांत 'पॅरामेडिक' करून देतो म्हणणाऱ्याला हा तासांचा हिशेब विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

फीबद्दलही सांगतो. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत ग्रामीण गरीब घरातल्या मुलामुलींना मोफत प्रशिक्षण मिळतं. बचत गटातल्या घरांनाही ती आहे. वय १५ ते ३५, बायकांना ४५ पर्यंत. आपल्या राज्यात ती उमेदमार्फत चालते. तेव्हा कर्जाचा अर्ज भरण्याआधी तालुक्याच्या उमेद कार्यालयात जाऊन या आणि आरोग्याचा कोणता कोर्स आता चालू आहे ते विचारा. आम्ही हे आधी केलं असतं, तर त्या भाजीवाल्या ताईंचे हप्ते वाचले असते.

आणखी एक राहिलं. रुग्णालयात पाय ठेवायच्या आधी कावीळ-बीची लस. तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. रक्ताशी काम आहे, हे विसरू नका.

रात्रपाळीचं विचाराल. हो, असते. चिल्हार फाट्यावर रात्री दोनला गाडी उलटली तर सकाळची वाट बघता येत नाही. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या, नोकरी लागल्यावर नको.

त्या ताईंच्या मुलीने आधी ठरवलेली संस्था सोडली. प्रमाणपत्र कुणाचं आणि प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात, हे तिथे लेखी द्यायला तयार नव्हते. सध्या ती प्रथमोपचार शिकतेय आणि लसीचा पहिला डोस घेऊन झालाय. कर्जाचा ठराव आम्ही वहीत तसाच उघडा ठेवलाय.